गहाणकर्जाची मंजुरी आणि मधला काळ

शेतकऱ्याच्या वर्षांत दोन पंचांगें चालतात. एक नक्षत्रांचें. त्यांतील रोहिणी, मृग, आर्द्रा ठरल्या वेळीं येतात आणि कोणाची वाट पाहत नाहींत. दुसरें कचेरीचें. त्यांत मार्चअखेर, तपासणी, बदल्या, रजा आणि ‘पुढच्या आठवड्यांत या’ असे दिवस येतात. ज्यास विहीर खोल करावयाची आहे, नळ टाकून वरच्या रानांत पाणी न्यावयाचें आहे अथवा फळबाग लावावयाची आहे, आणि त्यासाठीं जमीन गहाण ठेवून दीर्घ मुदतीचें कर्ज काढावयाचें आहे, त्यास हीं दोन्ही पंचांगें जुळवून घ्यावीं लागतात. तीं न जुळल्यास काय होतें, हें प्रस्तुत लेखकानें स्वतः भोगलें आहे. तें येथें सांगण्यांत कोणा बँकेची अथवा अधिकाऱ्याची निंदा करण्याचा हेतु नाहीं. आपल्या वाचकांपैकीं ज्यांस येत्या दिवाळीनंतर असा अर्ज करावयाचा असेल, त्यांचा तरी एक उन्हाळा वांचावा, एवढीच इच्छा आहे.

घडलेली हकीकत

माझें रान पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांतील कोरडवाहू टापूंत आहे. साडेचार एकर जमीन व एक जुनी विहीर, एवढीच मिळकत. विहिरीस फेब्रुवारीनंतर पाणी टिकत नसे. त्यामुळें रब्बीची ज्वारी निघाली कीं रान उघडें पडे आणि उन्हाळी पिकाचें धाडस करितां येत नसे. २०२१ च्या दिवाळींत घरांत विचार होऊन असें ठरलें कीं, विहीर आणखी वीस फूट खोल करावी, नवा पंप बसवावा व अठराशें फूट नळ टाकून वरच्या पट्टीस पाणी न्यावें. खर्चाचा अंदाज सहा लाख रुपयांचा निघाला. डिसेंबरांत तालुक्याच्या गांवच्या एका बँकेंत अर्ज दिला. तेथील अधिकाऱ्यांनीं आपुलकीनें कागद पाहिले आणि ‘महिन्याभरांत होऊन जाईल’ असें सांगितलें.

त्या एका वाक्यावर मीं सगळा डोलारा उभारला. विहिरीचें काम करणारीं माणसें व यंत्रें उन्हाळ्यासाठीं आधींच बांधून ठेवावीं लागतात, म्हणून जानेवारीच्या आरंभींच क्रेनवाल्यास विसार दिला. नळांचे भाव चढणार असें दुकानदार म्हणाला, म्हणून नळहि घेऊन टाकिले. हातीं रोकड नव्हती. ओळखीच्या एका गृहस्थाकडून एक लाख वीस हजार रुपये दरमहा शेकडा तीन रुपये व्याजानें उचलले. एका महिन्याचा तर प्रश्न होता!

तो महिना नऊ महिन्यांचा झाला. जानेवारीच्या मध्यास बँकेकडून निरोप आला कीं, सात-बाराच्या उताऱ्यावर माझ्या वडिलांचें नांव आहे. वारसांची नोंद करून आणावी. वडील २०११ सालीं वारले होते. दहा वर्षें आम्ही तेंच रान कसत होतों, सारा भरत होतों, आणि उतारा मात्र गेलेल्या माणसाच्या नांवें होता. ती नोंद होऊन प्रमाणित होईतों फेब्रुवारी संपला. मग बँकेच्या वकिलानें तीस वर्षांचें दप्तर शोधून अहवाल दिला. त्यांत निघालें कीं, इतर हक्कांच्या रकान्यांत १९९४ सालचा सोसायटीचा बोजा तसाच उभा आहे. तें कर्ज वडिलांनीं केव्हांच फेडलें होतें. परंतु फेडल्याचा दाखला कोणीं मागितला नव्हता व कोणीं दिलाहि नव्हता. तो मिळवून बोजा कमी करून घेईपर्यंत मार्चअखेर आली आणि बँकेंत नवें प्रकरण हातीं घेणें थांबलें. एप्रिल व मे हे दोन महिने बहिणीच्या सहीच्या प्रश्नांत गेले; त्याविषयीं पुढें स्वतंत्रपणें लिहिलें आहे. जूनमध्यें शाखेच्या व्यवस्थापकांची बदली झाली. नव्या व्यवस्थापकांनीं प्रकरण पहिल्या पानापासून वाचलें, उतारे तीन महिन्यांहून जुने असल्याचें दाखविलें आणि जमिनीचें मूल्यमापन पुन्हा मागविलें. सप्टेंबरच्या अखेरीस मंजुरीचें पत्र हातीं पडलें, तेव्हां विहीर पायऱ्यांपर्यंत भरलेली होती. खोदणार काय?

उसन्या रकमेचें नऊ महिन्यांचें व्याज बत्तीस हजार चारशें रुपये झालें. तेवढीच रक्कम बँकेच्या शेकडा अकरा दरानें त्याच मुदतीस घेतली असती, तर व्याज नऊ हजार नऊशें झालें असतें. क्रेनवाला दुसऱ्या गांवीं गेला, तो विसार घेऊनच. नळ खळ्याच्या कडेला उन्हांत पडून राहिले. विहिरीचें काम २०२३ च्या उन्हाळ्यांत झालें, म्हणजे एक संपूर्ण वर्ष हातचें गेलें.

या साऱ्या काळांत कोणीं मला मुद्दाम अडविलें, असें प्रामाणिकपणें म्हणतां येत नाहीं. प्रत्येकानें आपापला कागद मागितला, आणि प्रत्येक कागद मागण्याजोगाच होता. चूक ही कीं, कागद मागितल्यानंतर मी तो शोधूं लागलों. मागें वळून हिशेब केला तेव्हां दिसलें कीं, नऊ महिन्यांपैकीं निम्मा तरी काळ माझ्या घरच्या आणि गांवच्या दप्तरांत गेला होता, बँकेंत नव्हे.

गहाणास वेळ कां लागतो?

सावकार पैसा तत्काळ देतो व बँक देत नाहीं, याचें कारण समजून घेतल्याविना उपाय सुचणार नाहीं. तें कारण आमच्याच टापूच्या इतिहासांत आहे. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकरी उठले, तेव्हां त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून कागदांवर होता. रोखे, गहाणखतें व हुकूमनामे हातीं लागले कीं ते नष्ट करीत. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि रोख्यावरील आंकड्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. पुढें १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं तगाई आली, १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्या आल्या, आणि १९३५ सालीं मुंबई प्रांताची सहकारी भूतारण बँक निघाली. जमीन हातची न जातां तिच्या आधारावर शेतकऱ्यास भांडवल मिळावें, हा या सर्वांचा उद्देश होता.

तथापि १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत असें आढळलें कीं, शेतकऱ्यांनीं घेतलेल्या कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा अवघा तीन टक्क्यांच्या आसपास होता. सावकार महाग होता, पण दाराशीं होता. जें कर्ज हंगामाला मिळत नाहीं, तें स्वस्त असूनहि शेतकऱ्यास महागच पडतें, हा धडा तेव्हांपासूनचा आहे. भूतारण बँकेच्या परंपरेंतील भूविकास बँका पुढें थकबाकीच्या ओझ्याखालीं दबल्या व शासनानें त्या अवसायनांत काढल्या. आतां दीर्घ मुदतीच्या कर्जासाठीं शेतकऱ्यास मुख्यतः व्यापारी बँकांकडे अथवा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडे जावें लागतें.

पीककर्जाची रीत आपणांस अंगवळणीं पडलेली आहे. वर्षाचें कमाल मर्यादा पत्रक तयार होतें, सभासद इकरार करून देतो, आणि १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या ४८ व्या कलमान्वयें सोसायटीचा बोजा जमिनीवर चढतो. तें कर्ज वर्षाच्या आंत फिरावयाचें असतें. गहाणकर्ज दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षें चालावयाचें असतें. म्हणून बँक जमिनीसच प्रश्न विचारते. ही जमीन कोणाची? एकाची कीं अनेकांची? तिच्यावर आधींचें कोणाचें देणें आहे काय? तिला वाट आहे काय? ती विकावी लागली तर किती येतील? सावकार हे प्रश्न विचारीत नाहीं, कारण गांवांत राहत असल्यामुळें उत्तरें त्यास ठाऊक असतात. आणि पुष्कळदां त्यास व्याजापेक्षां जमीनच हवी असते.

आधीं उतारा, मग अर्ज

यावरून निघणारा पहिला नियम असा: बँक जे प्रश्न जमिनीला विचारणार आहे, ते आपणच सहा महिने आधीं विचारून घ्यावे. सात-बारा, आठ-अ आणि जुने फेरफार घेऊन एका सायंकाळीं घरांतील सर्वांनीं बसावें व ते ओळीनें वाचावे. संगणकीय सहीचा उतारा आतां घरबसल्या मिळतो, त्यामुळें तो मिळविण्याची अडचण राहिलेली नाहीं. तो वाचण्याचा कंटाळा मात्र सोडला पाहिजे.

वाचतांना प्रथम नांवें पाहावीं. मृत माणसाचें नांव असेल तर वारसनोंदीचा अर्ज त्याच आठवड्यांत द्यावा. तलाठ्याकडे अर्ज गेल्यावर फेरफार नोंदवहींत नोंद होते, हितसंबंधितांस नोटिसा जातात, हरकतीसाठीं पंधरा दिवस ठेवावे लागतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत निघाली तर प्रकरण तक्रारींत जाऊन महिने लागतात. हा काळ कोणाच्याहि ओळखीनें टळत नाहीं. तो अर्जाच्या आधीं पडावा, एवढेंच आपल्या हातीं आहे. नांवाच्या लेखनांतील फरकहि पाहावा. उताऱ्यावर एक, आधारपत्रावर दुसरें व बँकेच्या पुस्तकांत तिसरें, असें पुष्कळांचें असतें. लेखनप्रमादाची दुरुस्ती जमीन महसूल अधिनियमाच्या १५५ व्या कलमाखालीं तहसीलदारांकडे मागतां येते.

दुसरें, इतर हक्कांचा रकाना. तेथें सोसायटीचा, पतसंस्थेचा अथवा जुन्या तगाईचा बोजा दिसत असेल व कर्ज फिटलें असेल, तर बेबाकीचा दाखला घेऊन तो कमी करून घ्यावा. माझ्या वडिलांनीं कर्ज फेडलें, परंतु कागद फेडला नाहीं. त्याचा दंड मुलास बसला. तिसरें, क्षेत्र. सात-बारा व आठ-अ यांतील क्षेत्राचा मेळ बसतो काय, पोटखराबा किती, वांटणी तोंडी झाली आहे कीं नोंदलेली, हें तपासावें. तोंडी वांटणीवर बँक गहाण घेत नाहीं. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असल्यास गहाणास परवानगी लागते काय, हें अर्जाच्या आधींच बँकेस व तहसील कचेरीस विचारून ठेवावें. विहीर सामाईक असल्यास आपला हिस्सा लेखी असावा.

चौथें, पिकांच्या नोंदी. १५ ऑगस्ट २०२१ पासून सबंध राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली असून आपल्या पिकाची नोंद आपणच भ्रमणध्वनीवरून करावयाची आहे. ती राहिली तर भरल्या रानाचा बारा नंबर रिकामा दिसतो आणि बँकेचा अधिकारी उत्पन्नाचा अंदाज कमी धरतो. पांचवें, आपल्या पतीचा अहवाल. कर्जाची परतफेड कशी झाली याची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वर्षांतून एक अहवाल विनामूल्य मिळण्याचा आपणांस हक्क आहे. तो मागवून पाहावा. २०१७ अथवा २०१९ च्या कर्जमुक्तींत बसलेलें खातें तेथें थकित दिसत असल्यास बँकेचा दाखला जोडून दुरुस्ती मागावी. त्यासाठीं तीस दिवसांची मर्यादा घातलेली आहे.

बहिणीची सही

आतां त्या दोन महिन्यांविषयीं. वारसनोंद झाली तेव्हां उताऱ्यावर तीन नांवें आलीं: आई, मी आणि धाकटी बहीण. बँकेच्या दाराशीं कागद करून देणारे एक गृहस्थ बसतात. ते म्हणाले, “बहिणीचें हक्कसोडपत्र करून आणा, म्हणजे नांवें कमी होतील व काम लवकर होईल.” मला तें पटलें. मसुदा तयार करवून मी बहिणीच्या सासरीं गेलों. तिनें तो शांतपणें वाचला आणि विचारलें, “दादा, विहिरीला माझी ना नाहीं. पण सही कर्जाला पाहिजे आहे, कीं जमीन सोडायला?”

मला उत्तर देतां आलें नाहीं, कारण हा प्रश्न मीं बँकेस विचारलाच नव्हता. परत येऊन विचारला. तेव्हां कळलें कीं, सर्व सहहिस्सेदारांनीं गहाणखतावर सह्या केल्या म्हणजे बँकेचें काम भागतें. हक्क सोडण्याची बँकेस कांहींएक गरज नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस वडिलांच्या मिळकतींत वारसा दिला व २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींतहि मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. हा हक्क नोंदणीकृत हक्कसोडपत्रानें एका सहींत जातो व पुन्हा परत येत नाहीं. घाईच्या दिवसांत, ‘काम अडलें आहे’ या एका शब्दाच्या दडपणाखालीं, किती भगिनींनीं अशा सह्या केल्या असतील, याचा विचार प्रत्येक भावानें करावा.

बहिणीनें गहाणखतावर सही केली. परंतु त्यापूर्वीं तिला व तिच्या यजमानांना मीं स्पष्ट सांगितलें कीं, कर्ज थकलें तर तुझ्या हिश्शासहि धोका आहे. मंजुरीपत्राची व हप्त्यांच्या वेळापत्रकाची एक प्रत तिच्याजवळ ठेविली. दरवर्षीं हप्ता भरल्याची पावती मी तिला पाठवितों. तिच्या घरीं दोनदां जाणें, बँकेस विचारणें, मसुदा बदलणें यांत दोन महिने गेले. इतर सर्व दिवसांचा मला पश्चात्ताप आहे. त्या दोन महिन्यांचा नाहीं. मात्र हें बोलणें दिवाळीच्या भाऊबीजेस आरंभींच झालें असतें, तर तेहि दिवस वांचले असते.

मधल्या काळांतील पैसा

अर्ज दिल्यापासून पैसा हातीं पडेपर्यंतचा काळ हाच खरा धोक्याचा काळ होय. दुष्काळांत शेतकरी सावध असतो. आशेंत तो सावध नसतो. ‘कर्ज होणारच आहे’ या भरंवशावर केलेला खर्च हा कर्ज नसतांना केलेला खर्च आहे, ही गोष्ट मनाशीं पक्की बांधावी. मंजुरीचें पत्र आलें म्हणजेहि पैसा आला असें नव्हे. गहाणखत नोंदावें लागतें, बोजा चढवावा लागतो, आणि रक्कम बहुधा कामाच्या टप्प्याप्रमाणें हप्त्यांनीं सुटते. पहिल्या हप्त्याच्या आधीं आपला हिस्सा घालावा लागतो. म्हणून विसार द्यावयाचाच झाला तर जो बुडाला तरी चालेल एवढाच द्यावा, आणि ‘मंजुरी न आल्यास काम पुढील उन्हाळ्यांत’ ही अट लिहून घ्यावी.

मधल्या काळांत पैशाची निकड भासल्यास वाटा दोनच पाहाव्या. एक, काम लहान करणें. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जास बँकांनीं तारण मागूं नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पंप अथवा थोडे नळ एवढ्यापुरतें काम असेल तर जमीन गहाणाच्या भानगडींत घालण्याचें कारणच नाहीं. माझें काम जर मीं दोन टप्प्यांत पाडलें असतें, तर निदान पंप व जुन्या पाण्यावर खालची पट्टी त्याच वर्षीं भिजली असती. दुसरी वाट म्हणजे घरांतील सोनें बँकेंतच तारण ठेवून थोड्या मुदतीचें कर्ज घेणें. तें सुद्धां फेडीची तारीख डोळ्यांसमोर ठेवूनच.

तिसरी वाट सावकाराची. ती मीं धरली व तिची किंमत वर लिहिली आहे. त्याहूनहि वाईट एक वाट आहे. कर्जाच्या हमीसाठीं सावकार जमिनीचें खरेदीखत लिहून मागतो आणि ‘पैसे दिले कीं परत फिरवूं’ असें तोंडानें सांगतो. कागद विक्रीचा व बोली गहाणाची! पैसे देण्याची तयारी झाली तेव्हां जमीन तिसऱ्याच्या नांवें गेलेली असते. असें खरेदीखत कोणत्याहि अडचणींत लिहून देऊं नये. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानें परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा ठरविलें आहे, आणि सावकारीच्या व्यवहारांत बळकावलेली जमीन चौकशीअंतीं परत देवविण्याची तरतूदहि त्यांत आहे. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करावयाचा असतो. परंतु गेलेली जमीन परत आणण्यापेक्षां ती न जाऊं देणें सोपें.

तगादा कसा लावावा?

आपण शेतकरी बँकेंत हेलपाटे घालतों, पण लेखी विचारीत नाहीं. हेलपाट्याची नोंद कोठेंच होत नाहीं. अर्ज देतांना त्याची तारखेची व सहीची पोच मागावी; अशी पोच देणें हें बँकेचें कर्तव्य आहे, उपकार नव्हे. निर्णय किती दिवसांत कळविणार याची मुदत प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळानें ठरविलेली असते, ती विचारून घ्यावी. अर्जासोबत जोडलेल्या कागदांची यादी दोन प्रतींत करून एकीवर पोच घ्यावी. त्रुटि असतील तर त्या सर्व एकाच वेळीं लेखी कळवाव्यात, अशी विनंती करावी. एकेक कागद एकेका महिन्यानें मागितला जाणें, हेंच विलंबाचें मूळ आहे.

दर पंधरा दिवसांनीं एक लहानसें पत्र द्यावें: अर्जाची तारीख, शेवटची त्रुटि कोणती, ती कोणत्या दिवशीं पुरी केली, पुढें काय राहिलें. भाषा नम्र असावी. शाखेंत माणसें थोडीं व कामें पुष्कळ असतात. ज्याचें प्रकरण नीट लावलेलें, तें आधीं हातीं घेतलें जातें, हा माझा अनुभव आहे. व्यवस्थापक बदलले तर हीच पत्रें प्रकरणाची साक्ष देतात. माझ्याजवळ तीं असतीं, तर जूनमध्यें प्रकरण पहिल्या पानावर गेलें नसतें. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावें. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलें नाहीं अथवा आलेलें उत्तर पटलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागतां येते. महसुली कागद अडला असेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज कोठें व कां थांबला हें विचारावें. शासनानें अधिसूचित केलेल्या सेवांना २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाची मुदतहि लागू आहे. हीं साधनें भांडणासाठीं नव्हेत. पोच व पत्रें नीट ठेवणाऱ्यास त्यांची गरज क्वचितच पडते.

वर्षाची आंखणी

या सर्वांवरून मी आतां शेजाऱ्यांस एक साधें वेळापत्रक सांगत असतों. उन्हाळ्यांतील काम मनांत असेल तर त्याच्या आधींच्या आषाढांत, पेरण्या उरकल्यावर, उतारे वाचावे. श्रावण-भाद्रपदांत वारसनोंदी, बोजे व दुरुस्त्या यांचे अर्ज द्यावे. दसऱ्यापर्यंत ताजे उतारे हातीं असावे. भाऊबीजेस बहिणी माहेरीं येतात, तेव्हां गहाणाची गोष्ट सर्वांसमक्ष काढावी. दिवाळी संपतांच संपूर्ण अर्ज द्यावा, म्हणजे वकिलाचा शोध व मूल्यमापन यांस मार्गशीर्ष-पौष मिळतो. संक्रांतीच्या सुमारास मंजुरी आली तर उत्तम. होळीपर्यंत आली नाहीं तर त्या वर्षीं खोदाई नाहीं, असें मन घट्ट करून ठरवावें आणि मार्चअखेरच्या गर्दींत उसनवारी करूं नये. एक उन्हाळा थांबल्यानें विहीर पळून जात नाहीं. थकलेल्या व्याजानें रान मात्र पळतें.

आणि कर्ज फिटल्यावर एक काम उरतें. मूळ कागद परत घेणें व सात-बारावरील बोजा उतरविणें. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा असा नियम आहे कीं, कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत बँकेनें मूळ दस्तऐवज परत करावे व बोजा उतरविण्याची तजवीज करावी. बँकेच्या दोषानें उशीर झाल्यास दिवसास पांच हजार रुपये भरपाई द्यावी. हा नियम आपण वापरला तर आपल्या मुलांस १९९४ सालचा बोजा २०२२ सालीं सांपडणार नाहीं.

आपल्या संघानेंहि यांत कांहीं करण्याजोगें आहे. दर श्रावणांत प्रत्येक गांवीं एक दिवस ठरवून जाणत्या सभासदांनीं इतरांचे उतारे वाचून द्यावे. ज्यांच्या उताऱ्यावर गेलेल्या माणसांचीं नांवें आहेत अथवा फिटलेले बोजे आहेत, त्यांची यादी करून सर्वांचे अर्ज एकदम द्यावे. यास पैसा लागत नाहीं. एक चटई, एक चष्मा व एक दुपार पुरते. बियाणें पारखून पेरतो तो शेतकरी कागद न पारखतां कां पेरतो, हें मला आतां कळेनासें झालें आहे.

माझ्या विहिरीस या वर्षीं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाणी होतें. वरच्या पट्टींत उन्हाळी भुईमूग निघाला. शेंगांचें एक पोतें बहिणीकडे पाठविलें, त्यांत हप्त्याची पावतीहि ठेविली होती.